घर विकायचंय: आधी वकील की आधी एजंट?

कामं आवरली का? नसतील आवरली तर हात चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. आजचा विषय जरा पैशाचा आणि कागदांचा आहे.

मागे आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि उठता उठता एक ताई म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. घर विकायचंय. एजंट गाठू की वकील?"

ताई आपल्या दिघीतल्याच. वन बीएचके फ्लॅट, जुनी इमारत, सोसायटी झालेली. मिस्टर भोसरी एमआयडीसीत कामाला होते, तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा चाकणला कंपनीत, मुलगी लग्न होऊन जुन्नरकडे. मुलाला रोजचं जाणं-येणं सोपं पडावं म्हणून हे घर विकायचं आणि मोशीकडे घ्यायचं, असा विचार.

ओळखीचा एक एजंट म्हणत होता, "काकू, सगळं माझ्यावर सोडा. गिऱ्हाईक तयार आहे. वकिलाला कशाला पैसे घालता? कागद आमच्याकडेच होतात." आणि भाचा म्हणत होता, "मामी, दोन टक्के कोण देतं? वकिलाकडे जा, तो सगळं करून देईल." दोघंही आपलेच, दोघंही ठामपणे बोलणारे. ताईंना झोप लागेना. नवऱ्यानं ओव्हरटाइम करून घेतलेलं घर आहे, चूक झाली तर पुन्हा होणे नाही.

आपल्यातल्या कितीतरी जणींवर ही वेळ येते, म्हणून आज हेच बोलू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. या दोघांची कामं वेगळी आहेत. एजंट गिऱ्हाईक आणतो. आपल्या भागात काय भाव चाललाय हे त्याला माहीत असतं. तो घर दाखवतो, नुसतं बघायला येणारे आणि खरे घेणारे यांतला फरक ओळखतो, घासाघीस करतो, बँकेच्या माणसाला आणतो. हे काम खरं आहे आणि त्याला मोल आहे. वकील गिऱ्हाईक आणत नाही. हे घर विकायचा हक्क नक्की कोणाला आहे, कागद पुरे आहेत का, करारात तुम्हाला अडकवणारी ओळ कुठं आहे, पैसे आल्याशिवाय घर हातातून जाणार नाही ना, हे तो बघतो.

दुसरी गोष्ट त्यांच्या पैशाची. एजंटला पैसे कधी मिळतात? व्यवहार झाला तर. नाही झाला तर त्याची पायपीट फुकट. म्हणून "ताई, थांबा, हा व्यवहार आत्ता करू नका" हे वाक्य त्याच्या तोंडून निघणं अवघड असतं. तो वाईट आहे म्हणून नाही, त्याचं पोट त्यावर आहे म्हणून. वकिलाची फी व्यवहार होवो न होवो, ठरलेली असते. म्हणून तो "थांबा" म्हणू शकतो. घर विकताना तुमच्या बाजूला निदान एक माणूस असा हवा, ज्याचं "थांबा" म्हटल्यानं नुकसान होत नाही.

म्हणून मी ताईंना म्हटलं, "गिऱ्हाईक घरचंच असेल तर एजंट नसला तरी चालेल. वकिलाशिवाय मात्र विकू नका. आणि दोघंही लागणार असतील, तर आधी वकील, मग एजंट."

आधी का, ते ताईंच्याच बाबतीत काय झालं त्यावरून सांगते.

वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "घर कोणाच्या नावावर आहे?"

ताई म्हणाल्या, "माझ्याच. सोसायटीत वारस म्हणून माझं नाव लावलंय. नॉमिनी मीच आहे."

मैत्रिणींनो, इथंच आपल्यातल्या बहुतेकींची गल्लत होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीनं व्यवहार कोणाशी करायचा, एवढ्यापुरतं ते नाव असतं. मालकी ठरते मृत्युपत्रावरून, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्यावरून. महापालिकेच्या मिळकतकराच्या पावतीवर किंवा लाइट बिलावर नाव असलं म्हणूनही मालकी येत नाही.

ताईंच्या मिस्टरांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वकीलबाईंनी पुढचं विचारलं, "मुलं किती?" एक मुलगा, एक मुलगी. "आणि त्यांच्या आई आहेत का?"

"आहेत की. सासूबाई गावी असतात. ऐंशीच्या पुढं वय आहे."

"मग या घरात चार हिस्से आहेत. तुमचा एक, मुलाचा एक, मुलीचा एक आणि सासूबाईंचा एक. चौघांच्या सह्यांशिवाय हे घर पूर्ण विकलं जात नाही."

ताई गप्पच झाल्या. सासूबाईंचा हिस्सा असतो हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात हे स्पष्ट आहे. पुरुषानं स्वतःच्या कमाईनं घेतलेलं घर असेल आणि तो मृत्युपत्र न करता गेला, तर बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा हिस्सा मिळतो. लग्न झालेली मुलगीही त्यात आली. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांत वारशाचे नियम वेगळे, तिथं त्याप्रमाणे विचारून घ्यायचं. आणि वारसांपैकी कोणी १८ वर्षांच्या आतलं असेल, तर त्याचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी काढावी लागते. आईनं सही केली की झालं, असं नाही.

आता विचार करा, ताईंनी आधी एजंटचं ऐकलं असतं तर काय झालं असतं? तो ५१ हजार रुपये रोख टोकन आणून देणार होता. विसार पावती त्याच्याकडं छापील तयार होती. त्यात एक ओळ होती: विकणाऱ्यानं व्यवहार मोडला तर विसाराची रक्कम दुप्पट परत करावी. म्हणजे पावतीवर सही झाली असती, पुढं गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलानं सासूबाईंची सही मागितली असती, ती वेळेत मिळाली नसती, आणि ताईंकडून एक लाख दोन हजार मागितले गेले असते. शिवाय घर विकायच्या कामात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं हे आयकर कायद्यानं चालत नाही. दंड घेणाऱ्याला होतो, आणि तो जेवढी रक्कम घेतली तेवढा असू शकतो. विसार घ्यायचा तो चेकनं किंवा खात्यावर.

वकीलबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे, ज्याला हिस्सा नको असेल त्यानं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. दुसरी म्हणजे, चौघांनी मिळून विकणारे म्हणून सह्या करायच्या आणि पैसे हिश्श्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या खात्यावर घ्यायचे. इथं मला एक बोलायचंय. हक्कसोडपत्र हे रीत म्हणून मागायची गोष्ट नाही. "बहिणीनं सोडायचंच असतं", "म्हातारीला काय करायचेत पैसे" असं म्हणून कागद पुढं करू नका. तो त्यांचा हक्क आहे. सोडायचा की ठेवायचा हे त्यांनी ठरवायचं, आणि कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवल्यावर ठरवायचं.

सासूबाईंना एवढ्या लांब आणायचं कसं, हा पुढचा प्रश्न. त्याचीही सोय आहे. गावाजवळच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन त्या नातवाच्या नावे मुखत्यारपत्र करून देऊ शकतात. ते फक्त या एका फ्लॅटच्या विक्रीपुरतं असावं. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, तर अर्ज केल्यावर निबंधक कार्यालयातले अधिकारी घरी येऊनही सही-अंगठा घेतात.

पण मुखत्यारपत्र एजंटच्या नावे कधीही करू नका. "काकू, तुम्हाला हेलपाटे नकोत, मला पॉवर देऊन टाका," असं कोणी म्हटलं, तर गोड हसा आणि नाही म्हणा. कुलमुखत्यारपत्र दिलं म्हणजे तुमच्या घरावर तुमच्याऐवजी दुसऱ्याची सही चालणार.

आता आपल्या दिघीपुरतं वेगळं असं काही सांगते. लष्कराच्या दिघी मॅगझिनभोवती रेड झोन आहे. १९०३ च्या संरक्षणविषयक कायद्याखाली तिथं बांधकामावर बंधनं आहेत. तुमचं घर त्या हद्दीत येत असेल, तर गिऱ्हाइकाला कर्ज देताना बँका हात आखडता घेतात. काही एजंट म्हणतात, "ते सांगायचं नाही, आपोआप निघून जाईल." असं करू नका. घरात किंवा मालकीत जो दोष आपल्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत कळणार नाही, तो सांगणं हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. लपवलेलं पुढं बाहेर आलं, तर कोर्टात एजंट नाही, तुम्ही उभ्या राहणार. घर हद्दीत आहे की नाही हे आधीच महापालिकेकडून लेखी करून घ्या.

तसंच गुंठ्याचं. दिघी, भोसरी, चऱ्होली या पट्ट्यात कितीतरी घरं अर्ध्या-एका गुंठ्यावर, नुसत्या स्टँप पेपरवर किंवा मुखत्यारपत्रावर घेतलेली आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सांगून ठेवलंय की नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. तुमच्याकडं असा कागद असेल, तर एजंटकडं जाऊन भाव विचारण्याआधी वकिलाकडं जाऊन आपल्या हातात काय आहे ते समजून घ्या. काही वेळा मूळ मालकाच्या वारसांना शोधून कागद दुरुस्त करता येतो. त्याला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना तो वेळ मिळत नाही.

मग एजंट लागतो कधी? शेजारच्याच माणसाला, नात्यातल्याला किंवा भाडेकरूला घर विकत असाल, तर नाही लागत. पण ओळखीचं कोणी नसेल, घरात बाई एकटी असेल, अनोळखी लोकांना घर दाखवायची धास्ती वाटत असेल, तर एजंट घ्यावा. फक्त बोलणी लेखी करा. जुन्या घराच्या विक्रीत दलालीचा दर कायद्यानं ठरलेला नाही. बहुतेक ठिकाणी एक ते दोन टक्के मागतात, आणि अनेकदा दोन्ही बाजूंकडून. ४५ लाखांच्या घरावर दोन टक्के म्हणजे ९० हजार. एजंट जीएसटीवाला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी १६ हजार २००. ही रक्कम आधी डोळ्यांनी बघा, मग हो म्हणा. किती, कोणाकडून आणि कधी, हे तिन्ही लिहून घ्या. "नोंदणी होऊन पैसे खात्यात आल्यावर" असं लिहिलं तर उत्तम. "सहा महिने दुसऱ्या एजंटला द्यायचं नाही" अशी अट असेल तर मुदत कमी करून घ्या.

एक बोलणं मात्र मुळीच मान्य करू नका: "काकू, तुम्हाला ४५ मिळाले म्हणजे झालं ना? वरचं माझं." ऐकायला सोपं वाटतं. पण मग घर खरं कितीला गेलं हे तुम्हाला कळत नाही, आणि खरेदीखतात मोठी रक्कम लिहिली गेली तर तिच्या कराचा हिशोब तुमच्याकडं मागितला जातो. आपल्याच इमारतीतले किंवा शेजारचे फ्लॅट कितीला गेले हे इंडेक्स टू काढून कळतं. सरकारचा रेडी रेकनरचा दरही सगळ्यांना बघता येतो. भाव आपल्याला माहीत असला की एजंटही जपून बोलतो.

महारेराचंही सांगते. २०१७ पासून राज्यात महारेरा आहे. त्यांच्याकडं नोंदलेल्या प्रकल्पातले फ्लॅट विकायला-घ्यायला मदत करणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची आहे, आणि आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. जुन्या इमारतीतल्या घराला ही सक्ती लागू होईलच असं नाही. तरी नोंदणी असलेला एजंट बघा. नंबर मागा आणि मुलांना महारेराच्या संकेतस्थळावर तपासायला सांगा.

आता वकील कसा निवडायचा? जमीन-जुमल्याची कामं करणारा हवा. एजंटनं "आमचा वकील आहे" म्हणून दिलेला नको, गिऱ्हाइकाचाही नको. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो, तुमच्यासाठी नाही. फी आधी ठरवा: कागद तपासायचे किती, करार लिहायचे किती, नोंदणीला सोबत यायचे किती. एखादा वकीलच म्हणाला, "गिऱ्हाईकही मीच आणतो, दोन टक्के द्या," तर सावध व्हा. वकिलानं दुसरा धंदा करायचा नाही असा बार कौन्सिलचा नियम आहे. शिवाय त्याचेही पैसे व्यवहारावर अवलंबून राहिले, तर तुम्हाला "थांबा" कोण म्हणणार?

फी परवडत नसेल तरी घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मागता येते. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि देशभरासाठी १५१०० हा फोन नंबर आहे. निदान सल्ला तरी नक्की घ्या.

तक्रारीची वेळ आलीच, तर दोघांचे दरवाजे वेगळे आहेत. एजंटनं फसवलं तर ग्राहक आयोगाकडं जाता येतं, आणि महारेराच्या प्रकल्पातला व्यवहार असेल तर महारेराकडंही. वकिलाविरुद्ध मात्र ग्राहक आयोगाकडं जाता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये ठरवलं. तिथं बार कौन्सिलकडं तक्रार करायची.

शेवटी पैशाच्या दिवसाचं. स्टँप ड्युटी आणि नोंदणीचा खर्च रीतीप्रमाणे घेणारा करतो. आपल्या महापालिका हद्दीत नुसती स्टँप ड्युटीच सध्या सात टक्के आहे, आणि घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर सहा. नोंदणीचा खर्च त्याहून वेगळा. हे गिऱ्हाइकाला जरूर सांगा, ४५ लाखांवर त्याचे ४५ हजार वाचतात आणि एका बाईच्या नावावर घर होतं. सोसायटीनं हस्तांतरासाठी "देणगी" मागितली, तर लक्षात ठेवा, महापालिका हद्दीत हस्तांतराचं अधिमूल्य २५ हजारांच्या वर घेता येत नाही. मूळ कागद कोणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या आणि तिच्यावर "फक्त पाहण्यासाठी" असं लिहून सही करा. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. घर विकून नफा झाला तर त्यावर कर असतो. पण दोन वर्षांच्या आत दुसरं घर घेतलं, तर त्यात सवलत मिळते. हे मात्र सीएला विचारून करा, तिथं एजंटचाही सल्ला नको आणि माझाही नको.

मग ताईंचं काय झालं? सासूबाईंना विचारायला त्या आधी घाबरत होत्या. शेवटी मुलाला घेऊन गावी गेल्या, सगळं समजावून सांगितलं. म्हातारी म्हणाली, "विचारलंस हे बरं केलंस. माझ्या लेकाचं घर आहे, मला न सांगता गेलं असतं तर वाईट वाटलं असतं." मुखत्यारपत्र झालं. मुलीनंही सही दिली. मग त्याच एजंटला बोलावून दर लिहून घेतला. तो जरा कुरकुरला, पण कागद तयार बघून खूशही झाला, कारण गिऱ्हाइकाच्या बँकेनं एकही शंका काढली नाही. सगळ्याला अडीच महिने जास्त लागले. पैसे आले तेव्हा सासूबाईंनी आपल्या हिश्श्यातले निम्मे मोशीच्या घराला दिले आणि निम्मे स्वतःच्या खात्यावर ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावावर एवढी रक्कम जमा झाली.

तेव्हा मैत्रिणींनो, घर विकायचं मनात आलं की पहिल्या दिवशी कपाटातली ती प्लॅस्टिकची पिशवी काढा. मूळ करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवट्याचा दाखला, कर पावती, कर्ज फेडल्याचं पत्र, मृत्यूचा दाखला, जे असेल ते एकत्र करा. जे नसेल त्याची यादी करा. ती पिशवी घेऊन आधी वकिलाकडं जा. एजंटला फोन त्यानंतर.

आणि मिस्टर असतील तर आज रात्री जेवताना एवढं विचाराच, "आपलं घर कोणाच्या नावावर आहे हो? आणि तुम्ही मृत्युपत्र केलंय का?" प्रश्न अशुभ वाटेल, पण विचारा.

येते मी. नमस्कार.